मामांची ट्रंक: मोजदाद आणि मूल्यांकनाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ओवाळून झालं आणि ताईने, म्हणजे मामांच्या मुलीने, विषय काढला. नारायण पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली आहे, मार्चअखेर जागा रिकामी करून द्यायची. माळ्यावर मामांची हिरवी ट्रंक आहे तशी आहे. मामा जाऊन पाच वर्षं झाली, तिला कुणी हात लावलेला नाही. न्यूजर्सीहून तिच्या भावाचं, दादाचं, म्हणणं असं की आधी यादी व्हावी, प्रत्येक वस्तूला किंमत लागावी, मग तिघांत वाटणी.

काम मी मागून घेतलं. जुन्या क्रिकेटच्या वस्तू जमवायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली, आणि स्कोअर लिहायला मला मामांनीच शिकवलं. सकाळी वखारीत लाकडाचा हिशेब, रविवारी मैदानाच्या कडेला टेबल टाकून धावांचा हिशेब, असे ते जगले.

मामी म्हणाल्या, "ने बाबा, पण घरातच उघड. बाहेर नको नेऊस." मग ठरलं, दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडेच बसायचं.

९ नोव्हेंबर

ट्रंक खाली काढली. आधी सगळं जसंच्या तसं असताना फोटो काढले, वस्तू कुठल्या क्रमाने ठेवल्या आहेत तेही लिहून घेतलं. नवीन संग्राहक इथेच चुकतो. ढिगाऱ्यातून चांगलं दिसेल ते आधी उचलतो, आणि कशाशेजारी काय होतं ही माहिती कायमची जाते.

वरपासून खालपर्यंत: वर्तमानपत्रात गुंडाळलेली बॅट. दोन कप. सह्यांची आडवी वही. स्कोअरबुकं ९. फोटो ३४. सिगारेटच्या पाकिटांतल्या चित्रांचा अल्बम. तिकिटांचे तुकडे ६. डबीत एक कॅरमचा स्ट्रायकर. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक मोठं पान. तळाशी वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांत बांधलेला विटेएवढा गठ्ठा. त्याची सुतळी मी आज सोडली नाही.

पुठ्ठ्यावरचं पान बघताना मात्र हात थरथरला. शीर्षक मामांच्या अक्षरात: महाराष्ट्र वि. काठियावाड, पूना क्लब, डिसेंबर १९४८.

१० नोव्हेंबर

रात्रभर तेच पान डोक्यात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, ही नोंद उद्या दादाची मुलंही वाचतील. रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनचा त्या वेळचा विश्वविक्रम नाबाद ४५२ चा, म्हणजे फक्त ९ धावा मागे. काठियावाडने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. महाराष्ट्र ४ बाद ८२६. कमल भांडारकर २०५, दोघांची भागी ४५५ धावांची. रणजीतली ती सर्वांत मोठी वैयक्तिक खेळी आजही आहे. आणि भाऊसाहेबांना कसोटी सामना एकदाही मिळाला नाही. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

अशा डावाचं त्याच दिवशी, मैदानावर लिहिलेलं पान हाती लागलं असेल तर बाकी ट्रंक एका पारड्यात आणि हे पान एका पारड्यात.

१६ नोव्हेंबर

आज किरकोळ वस्तू हातावेगळ्या केल्या.

कप: दोन्हींच्या बुडाशी ईपीएनएस ही अक्षरं ठोकलेली. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा, चांदी नव्हे. इंग्लंडहून आलेला खरा चांदीचा कप असता तर सिंहाचा छाप, शहराचा छाप (बर्मिंगहॅमचा नांगर) आणि वर्ष सांगणारं अक्षर सापडलं असतं. मामी दर दसऱ्याला चिंच लावून रांगोळीने कप घासायच्या, त्यामुळे मुलामा उडून कडेला पिवळसर धातू उघडा पडला आहे. कोरलेलं नाव टॉर्च आडवा धरून वाचता आलं: एका स्थानिक साखळी स्पर्धेचं उपविजेतेपद. बाजारात किंमत थोडी. घासणं मात्र आजपासून बंद, मामींनी कबूल केलं.

बॅट: पात्यावर सियालकोटचा ठसा. फाळणीपूर्वी देशातल्या खेळाच्या सामानाची मोठी पेठ तीच होती. पुढे कारागीर जालंधर-मेरठला आले. तेव्हा ठशामुळे बॅट बहुधा १९४७ च्या आधीची ठरते. हँडलचा दोरा मूळचा वाटतो, पात्याला एक जुनी चीर. जवसाचं तेल पाजायचं नाही, पॉलिश पेपर तर मुळीच लावायचा नाही.

चित्रांचा अल्बम: प्लेअर्स कंपनीची १९३८ ची क्रिकेटपटूंची मालिका, ५० पैकी ४१. मामांच्या वडिलांनी खडकीच्या छावणीतून मिळवली. या चित्रांच्या पाठीला गोंद असायचा आणि चिकटवायला एका पेनीचा अल्बम विकत मिळायचा. मुलं तेच करत. ती प्रचंड संख्येने छापली गेली, त्यामुळे जुनी असली तरी दुर्मीळ नाहीत, आणि चिकटवलेली म्हणून आणखी स्वस्त. ताईचा चेहरा पडला. जुनं म्हणजे मोलाचं असं सरसकट नसतं, हे घरच्यांना सांगणं या कामातला सर्वांत जड भाग आहे.

स्ट्रायकर: भिंगाखाली पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची बारीक जाळी दिसली. हाडात अशी जाळी नसते, बारके काळे ठिपके दिसतात. प्लास्टिकमध्ये यांतलं काहीच नाही. म्हणजे हा हस्तिदंत. त्याचा व्यापार आपल्याकडे पूर्ण बंद आहे आणि तो बाळगण्यालाही वन्यजीव कायद्याचे नियम लागू आहेत. यादीत किमतीच्या रकान्यात रेघ मारली, आणि वनखात्याकडे रीतसर कळवायचं असं ताईला लिहून दिलं. दादाने तो खिशात टाकून विमानात बसू नये, हे वेगळं सांगितलं.

२३ नोव्हेंबर

सह्यांची वही. पूर्ण दुपार गेली, आणि अशी दुपार वर्षानुवर्षं मिळत नाही.

वहीच्या खालच्या कडेपासून चार बोटं उंचीपर्यंत प्रत्येक पानावर मातकट डाग आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला गडद रेघ. १९५२ च्या पाकिस्तान संघाचं पान त्यातलंच. नोव्हेंबरात ब्रेबॉर्नवर तिसरी कसोटी झाली, हजारे नाबाद १४६, उम्रीगर १०२, आपण दहा गडी राखून जिंकलो. मामा त्या सामन्याला मुंबईला गेले होते, तिकिटाचा तुकडाही आहे. पानावर वरच्या बाजूला कारदार यांची सही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर हेच गृहस्थ आपल्या संघात अब्दुल हाफीज या नावाने खेळले. त्यामुळे १९४६ च्या म्हणून दाखवलेल्या एखाद्या कागदावर 'कारदार' दिसलं तर आधी शंका घ्यावी. इथे १९५२ आहे, तेव्हा जुळतं.

रेघेखाली बहुतेक सह्यांची निळी शाई फुटून ढग झाले आहेत. निळ्या-काळ्या शाईच्या दोन तगल्या, कारण त्या शाईत लोह असतं आणि ते कागदात मुरतं. आणि एक सही जशीच्या तशी, कारण ती पेन्सिलीची आहे: हनीफ मोहम्मद. तेव्हा अठरा पूर्ण व्हायला त्याला महिना बाकी होता, आणि त्या कसोटीत त्याने ९६ केल्या. पेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही. गर्दीत कुणाचं तरी पेन संपलं असेल आणि मामांनी खिशातली स्कोअरची पेन्सिल पुढे केली असेल, असं मला आपलं वाटतं. यादीत मात्र एवढंच लिहिलं: पेन्सिल, सुवाच्य, डागाच्या आत.

दुसऱ्या एका पानावर दोन नावांच्या सह्या एकाच हाताच्या निघाल्या. अक्षरांचा कल तोच, पेन उचलण्याच्या जागा त्याच. ड्रेसिंग रूममध्ये वही आत पाठवली की कुणीतरी दुसऱ्याचीही सही ठोकून द्यायचा, हे त्या काळी सर्रास चाले. कोणती नावं ते कुटुंबाच्या यादीत लिहिलं आहे. त्या दोन सह्यांची किंमत शून्य धरली.

३० नोव्हेंबर

एका जाणकार व्यापाऱ्याला फोटो दाखवले. त्यांचा सल्ला: वहीवरचा चिखलाचा डाग तज्ज्ञाकडून धुऊन घ्या, भाव वाढेल. मी नाही म्हटलं. डाग कशाचा आहे हेच अजून मला कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय पुसायचं कसं? ४४३ च्या पानाबद्दल मात्र ते खुर्चीत पुढे सरकले. "अस्सल असेल तर मीच घेतो," म्हणाले. आकडा त्यांनी सांगितला, तो इथे लिहीत नाही. ताईला सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

७ डिसेंबर

पान तपासलं.

शाई: भिंगाखाली फाऊंटन पेनची. रेघ जिथे वळते तिथे शाई साचलेली, सुरुवातीला बारीक, दाबावर रुंद. छापील ठिपके नाहीत. बॉलपेनच्या गोळीने पडणारी खाच नाही. ठीक.

कागद: अतिनील दिव्याखाली चमकला नाही. १९५० नंतर कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारी द्रव्यं घालू लागले, ती असती तर निळसर उजेड दिसला असता. ठीक.

बेरीज: निंबाळकरांच्या ओळीत एकेक फटका लिहिलेला आहे. दोनदा बेरीज केली, ४४३. चौकार मोजले, ४९. षटकार १. छापून आलेल्या नोंदींशी तंतोतंत. इतर फलंदाजांपुढे नुसता एकूण आकडा.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "आणि कंडिशन बघ, सत्तर वर्षांचा कागद, एक डाग नाही!"

फोन ठेवला आणि तेच वाक्य डोक्यात अडकलं. एक डाग नाही.

८ डिसेंबर

रविवार असूनही सकाळी नारायण पेठेत गेलो. मामी देवपूजेत होत्या. नऊ स्कोअरबुकं ओळीने मांडली. १९६० पर्यंतच्या चारांवर तीच मातकट रेघ, चार बोटांवर. १९६२ पासूनच्या पाचांवर काही नाही. जुने फोटो, तिकिटं, वही, सगळ्यांवर रेघ. १९४८ चं म्हणवणारं हे एकच पान कोरं करकरीत.

आणखी एक. ४४३ धावांचे फटके स्कोअरबुकाच्या एका ओळीत मावत नाहीत. मैदानावर लिहिणाऱ्याला त्या सकाळी ठाऊक नसतं की हा माणूस कुठवर जाणार आहे. ओळ भरते, मग तो शेजारच्या फलंदाजाच्या जागेत घुसतो, समासात चढतो, चिठोरी चिकटवतो. या पानावर निंबाळकरांसाठी आधीच चार ओळींची जागा सोडलेली आहे. लिहिणाऱ्याला शेवट माहीत होता. मी स्वतः इतकी वर्षं स्कोअर लिहितो, आणि काल हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुठ्ठ्याची खळ एका कोपऱ्यात कसरीने खाल्ली आहे, तिथे पान दोन इंच सुटं आहे. पुठ्ठा तिथे वाकवून पानामागे टॉर्च धरला. पाठीमागचे उभे रकाने उलटे उमटले. रकान्यावर छापील अक्षरं, तीही उलटी. आरसा धरून वाचली: रु. आणि न.पै.

नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि 'नवे' हा शब्द गेला १९६४ मध्ये. १९४८ साली हिशेबाच्या वहीत रुपये, आणे, पै असे रकाने असायचे. म्हणजे पान वखारीच्या वहीतलं, १९५७ नंतरचं. मैदानावरचं नव्हे.

मामी पूजा आटोपून बाहेर आल्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पान ओळखलं. "हे ना? पानशेतनंतर लिहिलंय ह्यांनी."

त्याच दिवशी, रात्री

मामींनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

"लग्नाला वर्ष झालं होतं. धरण फुटलं म्हणून लोक ओरडत पळाले, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीवर. परत आलो तर आमच्या खोलीत, पहिल्या मजल्यावर, पलंगाच्या वर पाणी येऊन गेलेलं. ट्रंक पलंगावर होती, म्हणून तिच्यात थोडंच शिरलं. टेबलाच्या खणातलं सगळं गाळात. ह्यांनी गाळातून आधी काय काढलं असेल? क्रिकेटची वही. कॉलेजातली. त्या सामन्याला फळ्यावरचे आकडे बदलायला पोरं लावली होती, त्यांत हे होते. मध्ये मध्ये वहीत लिहायचे. ती वही दोरीवर वाळत घातली, शाई सुटत होती. मग रोज रात्री कंदिलाशी बसून जेवढं वाचता येईल तेवढं उतरवलं. मी म्हटलं, अहो, प्यायला पाणी नाही घरात, आणि तुमचं काय चाललंय. तर म्हणाले, उद्या हे दिसायचं नाही."

१२ जुलै १९६१. रेघेचा उलगडा झाला.

१४ डिसेंबर

व्यापाऱ्याला कळवलं की पान मूळ नाही, १९६१ ची नक्कल आहे. ते म्हणाले, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं. कळलं नसतं हे खरं, म्हणूनच सांगणं भाग होतं. पुठ्ठ्यावरून पान सोडवून मागची बाजू कुणी बघितलीच नसती, आणि पुढची पन्नास वर्षं ते 'मूळ' म्हणून फिरलं असतं.

दादा नाराज आहे. त्याचं चुकत नाही, त्याने मनात घराच्या हप्त्याचा हिशेब मांडला होता. त्याला लिहिलं: या पानाला तीन किमती लागतात. विकायची किंमत खूप उतरली. विम्याची किंमत काढता येत नाही, कारण जळालं तर बदली मिळणारच नाही. वाटणीची किंमत तुम्ही तिघांनी बसून ठरवायची. आणि मूळ वही नष्ट झाली असेल, तर त्या डावाचं मामांनी पाहिलेलं वर्णन उरलं ते फक्त याच पानावर.

नष्ट झाली असेल तर. हे लिहिलं आणि तळाचा गठ्ठा आठवला.

२१ डिसेंबर

सुतळी सोडली. वरचं वर्तमानपत्र ऑगस्ट १९६१ चं. आत एक वही, गाळाने घट्ट, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. वजन ३१० ग्रॅम. कडेला नख लावलं तर कोपऱ्याचा चुरा पडला. तो चुरा मी पाकिटात भरून ठेवला, आणि पुन्हा हात न लावण्याचं ठरवलं. ही माझी चूक, नोंदीत राहावी.

मामी वहीकडे बघत राहिल्या. "मला वाटलं टाकली असेल," म्हणाल्या.

२८ डिसेंबर

कागदाचं जतन करणाऱ्या एका बाईंकडे वीट नेली. त्यांनी समजावून सांगितलं: बंद पेटीत हळूहळू दमटपणा द्यायचा, कागद मऊ झाला की बोथट पातळ पट्टीने एकेक पान सोडवायचं, दोन शोषकागदांमध्ये ठेवून वाळवायचं. आठवड्याला चार-पाच पानं. निळी शाई बरीचशी गेलेली असणार, पेन्सिल असेल तर राहील.

पेन्सिल असेल तर! हनीफची सही ज्या पेन्सिलीने वाचली ती मामांच्या खिशात कायम असे. पण मामी तर शाई सुटत होती म्हणाल्या. बहुधा दोन्ही असावं.

खर्च ताई आणि मी निम्मा निम्मा करणार.

५ जानेवारी २०२५

दादाचा मेल: सह्यांची वही आणि बॅट तो अमेरिकेला नेऊ इच्छितो. कायद्याचं लिहून पाठवलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला शंभर वर्षं ही मर्यादा, पण ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५. पुरावस्तू ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही. बॅट शंभरीत बसत नाही. पण वहीतली सुरुवातीची पानं पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत, तेव्हा आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा, मगच तिकीट काढावं. त्याचं उत्तर आलं: "राहू दे. वही आईजवळच असू दे."

११ जानेवारी

बाईंचा फोन. पहिली पाच पानं सुटली. मी श्वास रोखून विचारलं, काय आहे? रसायनशास्त्राच्या टिपणी. आम्ल, अल्क, समीकरणं. शाई फिकट, पण मामांचंच अक्षर. वही ८०-९० पानांची असावी, म्हणजे या वेगाने क्रिकेटपर्यंत पोचायला एप्रिल उजाडेल. तोवर मामींचं घर बदललेलं असेल.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला नारायण पेठेत. मामींना रसायनशास्त्राचं सांगितलं, तर त्या हसायला लागल्या. "अरे, पुढून काय उघडताय? अभ्यासाच्या वहीत कुणी पुढून क्रिकेट लिहितं का? ह्यांचं सगळं मागून असायचं."

जिन्यातूनच बाईंना फोन लावला: वीट उलटी करा, शेवटच्या पानापासून सुरू करा.